अमार्ना : राजाचा एक, रयतेचे अनेक

कैरोहून नाईलच्या काठाने सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेला गेलं, की मिन्या प्रांतात पूर्वेकडचे कडे नदीपासून मागे सरतात आणि मधे अर्धगोल मैदान मोकळं होतं. हेच तेल एल-अमार्ना. लक्सरची देवळं बघून इथे येणाऱ्याच्या पदरी आधी निराशाच पडते. वाळू, मातीच्या विटांच्या ठेंगण्या भिंती आणि आपल्या काळात पुन्हा उभे केलेले मोजके खांब, एवढाच ऐवज.

इसवी सनपूर्व १४व्या शतकात मात्र ही इजिप्तची राजधानी होती. चौथा अमेनहोतेप या फेरोने राजवटीच्या ५व्या वर्षाच्या सुमारास स्वतःचं नाव बदलून अखेनातेन केलं आणि आतेन, म्हणजे सूर्यबिंब, या देवासाठी कोऱ्या जमिनीवर शहर वसवायला घेतलं. हीच जागा का, ते त्याने कड्यांत कोरलेल्या सीमालेखांत सांगून ठेवलंय : ही भूमी आधी कुठल्याच देवाची वा देवीची नव्हती. थीब्जमध्ये, म्हणजे आजच्या लक्सरमध्ये, अमुन या देवाचं गडगंज देवस्थान होतं. इथे वाटेकरीच नाही.

मोठ्या मंदिराचं आवार जवळपास ८०० मीटर लांब. इजिप्तच्या इतर देवळांत आत जावं तसा अंधार दाटत जातो. इथे पूजास्थानावर छप्परच नव्हतं. उघड्यावर ओळीने मांडलेले नैवेद्याचे शेकडो चौथरे, आणि गाभाऱ्यात देवाची मूर्ती नाही. शिल्पांत आतेन म्हणजे नुसतं बिंब, किरणांच्या टोकाला हात. ते हात जीवनाचं चिन्ह धरतात, पण राजा-राणीच्याच नाकाशी. या धर्माची मेख मला इथेच दिसते. देव एक, आणि त्याच्या दारात थेट प्रवेश असलेलं कुटुंबही एकच. बड्या घरांतल्या देव्हाऱ्यांत अखेनातेन, राणी नेफर्तिती आणि त्यांच्या मुलींचं शिल्प असे.

पुढे राजाची माणसं छिन्नी घेऊन देवळादेवळांतून अमुनचं नाव खरवडत फिरली. राजाच्या वडिलांच्या नावातला अमुनसुद्धा सुटला नाही.

आणि राजधानीच्याच पूर्वेला, वाळवंटातल्या कामगारवस्तीत उत्खनन झालं तेव्हा काय सापडलं? घराची आणि बाळंतिणीची राखण करणारा बुटका बेस, पाणघोड्याच्या रूपातली तावेरेत. फर्मान निघालं म्हणून पोटुशी बाई तावेरेतला थोडीच सोडणार! सामान्यांच्या दफनभूमीतले सांगाडे तर फारच बोलके आहेत : कुपोषण, मणक्यांच्या इजा, कोवळ्या वयातले कितीतरी मृत्यू. नैवेद्याने भरलेल्या त्या चौथऱ्यांच्या शहरातली ही माणसं.

नेफर्तितीचा जगप्रसिद्ध अर्धपुतळा १९१२ मध्ये इथल्याच एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत मिळाला. तो बघायला मात्र बर्लिन गाठावं लागतं.

अखेनातेननंतर काही वर्षांतच नवा राजा तुतनखातेन याचा तुतनखामुन झाला, दरबार इथून हलला. देवळांचे दगड नदीपार अश्मुनेनला नेऊन दुसऱ्या रामेसेसच्या बांधकामांत भराव म्हणून घातले गेले.

इथे आलात तर दक्षिणेकडची थडगी चुकवू नका. त्यांत दरबारी आय याचं अर्धवट राहिलेलं थडगं आहे. आतेनचं सर्वांत मोठं स्तोत्र त्याच्याच भिंतीवर कोरलंय. हाच आय तुतनखामुननंतर फेरो झाला आणि थीब्जच्या राजांच्या खोऱ्यात पुरला गेला. तिथल्या त्याच्या थडग्याच्या भिंतींवर पाताळातले जुने देव आहेत, आणि ओळीने बसलेली १२ बबून माकडंही.