बिल कुणाच्या नावावर

संध्याकाळी साडेसहा

मरोळ नाक्याला मेट्रो पकडली की पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही लाइन सुरू झाली आणि माझे रिक्षाचे पैसे वाचले. ड्यूटी रात्री आठ ते सकाळी सहा. काम आंतरराष्ट्रीय प्रस्थानाच्या बाजूला, लाउंजच्या काउंटरवर.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, नारायणगडाच्या पायथ्याला. नगद नारायण महाराजांचं संस्थान, आमच्या भागातली धाकटी पंढरी. पूर्वी मुंबईत गडाचं नाव सांगितलं की लोक पुण्याकडचं नारायणगाव समजायचे. २०२४ चा गडावरचा दसरा मेळावा टीव्हीवर दिसला आणि तो त्रास संपला. गावाकडे मात्र माझी नोकरी समजावून सांगणं अजून अवघडच आहे. आत काय असतं? जेवण, सोफा, वायफाय, अंघोळीची सोय. आणि पैसे? कुणीतरी भरतं. इथे सगळ्यांचा चेहरा संशयी होतो, आणि तो बरोबरच आहे.

सात

स्टाफच्या गेटवर सीआयएसएफचा जवान पास बघतो, मग चेहरा बघतो, मग पुन्हा पास. हा एअरपोर्ट एंट्री पास नागरी विमान सुरक्षा ब्युरो देतं आणि त्यासाठी गावाकडच्या पोलीस ठाण्यातून चारित्र्य पडताळणी होऊन यावी लागते. कोणत्या भागात जाता येईल त्याची अक्षरं पासवर छापलेली असतात. नसलेल्या अक्षराच्या दारात पाऊल टाकलं तर पास जातो. रात्रभर लोकांना ‘तुमचं कार्ड इथे चालत नाही’ म्हणणाऱ्याचं स्वतःचं कार्डही असं मोजूनमापूनच चालतं.

आठ

दिवसपाळीकडून चार्ज घेतला. पहिलं काम, आजच्या फ्लाइटची यादी आणि कोणत्या एअरलाइनशी आपला करार आहे ते पाहणं. पुष्कळ परदेशी कंपन्यांचं मुंबईत स्वतःचं लाउंज नाही. त्या आमच्यासारख्यांशी करार करतात आणि आत सोडलेल्या प्रत्येक माणसामागे ठरलेला दर देतात. बँकेच्या कार्डावर येणाऱ्याचे पैसे बँक देते. कुठल्याच कार्डात न बसणारा स्वतः भरतो. काउंटरवरची माझी सगळी अक्कल एवढ्यातच खर्च होते: समोरच्या माणसाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं? नाव सापडलं तर या, बसा. नाही सापडलं तर सॉरी सर.

बिझनेस क्लासवाल्यांचं सोपं असतं, तिकिटातच सगळं आलं. गंमत असते ती इकॉनॉमीच्या तिकिटावर येणाऱ्या स्टेटसवाल्यांची. त्यांच्या बोर्डिंग पासवर नावाच्या आसपास एक तारका आणि तिला चिकटून इंग्रजी ‘जी’ छापलेला असतो. म्हणजे स्टार अलायन्स गोल्ड. हा शिक्का दिसला की पुढे काही विचारायचं नाही. तारकेपुढे ‘एस’ असेल तर सिल्व्हर, आणि अलायन्सच्या नियमात सिल्व्हरला लाउंज नाही. एका अक्षराचा फरक, पण निम्मी भांडणं त्यावरच होतात.

साडेनऊ

सिंगापूरकडे जाणारे यायला लागले. पहिलेच गृहस्थ सिल्व्हर. वर्षभर विमानातच असतो म्हणाले. असतीलही. पण स्टेटस हे तुम्ही किती दमलात यावर मिळत नाही. कंपनीच्या खात्यात किती पॉइंट जमा झाले यावर मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी ते दरवर्षी नव्याने कमवावं लागतं. डिसेंबरात काही जण केवळ उरलेले पॉइंट भरायला कुठेतरी जाऊन परत येतात. परवा एकाने कौतुकाने सांगितलं, बँकॉकला उतरलो, कॉफी घेतली, त्याच विमानाने आलो. मला त्याच्या बायकोचं मत ऐकायचं होतं, ती सोबत नव्हती.

मग एक दुसरा नमुना. कार्ड अस्सल गोल्ड, मुदतीत. पण आजचं विमान आखाती कंपनीचं, जी स्टार अलायन्समध्ये नाही. गोल्ड कार्ड एकट्याने चालत नाही. त्याच दिवशीचा, त्याच अलायन्समधल्या विमानाचा बोर्डिंग पास बरोबर लागतो. अलायन्स म्हणजे कंपन्यांनी आपसात केलेला उसनवारीचा व्यवहार: माझं गिऱ्हाईक तू सांभाळ, तुझं मी सांभाळतो, हिशेब नंतर. १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स सुरू केलं. एअर इंडिया ११ जुलै २०१४ ला आत गेली. तेव्हापासून तिचा गोल्ड सदस्य फ्रँकफर्टला किंवा टोकियोलाही आत बसू शकतो. पण ज्याच्या विमानात तुम्ही बसणारच नाही, त्याने तुमचं बिल का भरावं? हे समोरच्याला इतकं स्पष्ट सांगता येत नाही. मी म्हणतो, “सर, सिस्टीम घेत नाहीये.”

अकरा

थोडी उसंत. दहा-पंधरा मिनिटं बसायला मिळतं, पण मागे बुफेवर कुणी नसेल तर तेही नाही.

या वेळेला हमखास जुने शौकीन येतात. एका आजोबांनी पाकिटातून जेटप्रिव्हिलेजचं प्लॅटिनम कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. चालणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला दाखवायचं होतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला उतरलं. कार्डाचा रंग अजून उडालेला नाही. विस्तारावाल्यांचं नशीब त्यापेक्षा चांगलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सदस्य इकडच्या कार्यक्रमात आले, ज्याचं नाव आता महाराजा क्लब आहे. विस्तारा कुठल्याच अलायन्समध्ये नव्हती. त्यामुळे तिच्या गोल्डवाल्यांना कंपनी गेल्याचं दुःख आणि परदेशातली लाउंज उघडल्याचा आनंद एकदमच झाला. तरी काउंटरवर येऊन म्हणतात, “मी विस्ताराचा गोल्ड.”

साडेबारा

आता खरी रात्र सुरू होते. युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्र उलटल्यावर सुटतात, कारण तिथल्या सकाळी उतरून अमेरिकेची पुढची विमानं गाठायची असतात. फ्रँकफर्टला तर २०११ पासून रात्री अकरा ते पाच विमानं उतरायला बंदी आहे. तिथल्या लोकांची झोप मोडू नये, म्हणून आमची मोडते. एक ते अडीच काउंटरवर रांग असते आणि आत खुर्ची नसते.

या रांगेत सगळ्यात हुशार कोण, तर अमेरिकेत राहणारे आपले आयटीवाले. न्यू जर्सीच्या एका मराठी गृहस्थाने रांगेतच मागच्याला शिकवणी दिली. युनायटेडने कितीही उडा; तिचं स्वतःचं गोल्ड असेल तर अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवास करताना तिच्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. पण परदेशी कंपनीचं स्टार गोल्ड असेल तर त्याच युनायटेडच्या विमानासाठी, त्याच लाउंजमध्ये, खुशाल जा. म्हणून हे लोक विमान युनायटेडचं पकडतात आणि पॉइंट तुर्की किंवा ग्रीक कंपनीच्या खात्यात टाकतात. इस्तंबूल पाहिलेलं नाही, पण कार्ड तिथलं. मागचा माणूस मोबाइलवर लिहून घेत होता. मला हे लोक आवडतात. नियम पूर्ण वाचून येतात, त्यामुळे भांडत नाहीत.

दीड

मुलगा पस्तिशीचा, म्युनिकला नोकरी, तारका-जी. सोबत आई आणि वडील. आई नऊवारीत, गळ्यात माळ, हातात चटणीच्या डब्याची पिशवी घट्ट धरलेली. वडिलांच्या डोक्याला टोपी. स्टार गोल्डसोबत पाहुणा एकच, आणि त्यानेही अलायन्सच्याच विमानाने जायला हवं. इथे पाहुणे दोन.

“मी बाहेर थांबतो, तुम्ही दोघं जा,” मुलगा म्हणाला. तेही चालत नाही. कार्डवाला स्वतः आत आला तरच त्याचा पाहुणा आत येतो. आपली जागा दुसऱ्याला देता येत नाही. आई लगेच म्हणाली, “मला नगं आत. मी हितंच बसते बाकड्यावर, तुमी जा.” वडील म्हणाले, “आगं, तू जा, मला काय भूक न्हाई.” दोघंही खोटं बोलत होते आणि रांग वाढत होती.

बोली ऐकून मी विचारलं, “काका, बीडचे का?”

“गडाजवळचे. नारायणगड म्हाईत हाय का तुला?”

मी गाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं, मग आजोळ विचारलं, आणि रात्री दीड वाजता टर्मिनल दोनवर आमचं लांबचं नातं निघालं. मागच्या माणसाने घड्याळ पाहिलं.

आई मुलाची पाहुणी म्हणून गेली, एअरलाइनच्या खात्यावर. वडिलांचे पैसे मुलाने स्वतःच्या कार्डाने भरले; मशीन माझ्याकडे वळवून, त्यांना आकडा दिसणार नाही असं. पण म्हातारा बीडचा.

“किती घेतलं रं?”

“झालंय काका, त्यात बसलं.”

“कशात बसलं? फुकट कुणी जेवू घालतंय व्हय? गडावर सप्ताह आसला तरी फळ्यावर नाव आसतंय, आजची पंगत कुणाची ते.”

शाळेत असल्यापासून मी त्या पंगतीत वाढलेलं आहे. पत्रावळी मांडत गेलो की समोर कोण बसलंय ते बघायचं नसतं, फक्त पान रिकामं आहे का ते बघायचं. कार्ड कुणी विचारत नाही. पण काका बरोबर बोलले, फळा असतोच आणि त्यावर कुणाचं तरी नाव असतंच. लाउंजमध्ये फळा नाही. तो फळा म्हणजे माझ्यासमोरचा स्क्रीन, आणि तो जेवणाऱ्याच्या बाजूला वळवायचा नाही अशी आम्हाला सूचना आहे.

तासाभराने आत फेरी मारली. आईने प्लेटमध्ये डाळ-खिचडी घेतली होती आणि डबा उघडून त्यावर शेंगदाण्याची चटणी. बाहेरचं खाणं चालत नाही असा नियम आहे. मी दुसऱ्या बाजूने गेलो.

साडेतीन

गर्दी ओसरली. स्टाफ कँटीनमध्ये जेवण. रात्रीच्या या वेळेला जेवण म्हणावं की न्याहारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कार्तिक चालू असला की घरी फोन लावतो, कारण काकड्याला आई उठलेलीच असते. गडावरचं भजन तिच्या मागे ऐकू येतं का म्हणून मी कान देतो. बहुतेक वेळा शेजारच्या बोअरची मोटर ऐकू येते.

साडेचार

हिशेब. ज्या एअरलाइनच्या नावावर जितकी माणसं टाकली, तितके स्कॅन केलेले बोर्डिंग पास निघाले पाहिजेत. त्यांचा माणूस महिन्याच्या शेवटी एकेक ओळ तपासतो. पाहुण्याची नोंद कार्डवाल्याशी जोडलेली नसेल तर ती ओळ कापली जाते आणि मग ते बिल कुणाच्याच नावावर राहत नाही, म्हणजे आमच्यावर येतं. लहान मुलांचा घोळ सगळ्यात जास्त. दोन वर्षांखालचं मूल मोजायचं की नाही, हे प्रत्येक करारात वेगळं असतं.

बँकेच्या कार्डांची रांग आता पूर्वीइतकी राहिली नाही. एक काळ होता, डेबिट कार्ड मशीनला लावायचं, दोन रुपये कापले जायचे आणि माणूस आत. लोकांनी विमानाचं तिकीट नंतर आणि कार्ड आधी काढलं. मग देशांतर्गत टर्मिनलवर रांगा गेटपर्यंत जायला लागल्या, आणि बँकांनी मागच्या तीन महिन्यांत अमुक इतका खर्च केला असेल तरच, अशा अटी घातल्या. बिल भरणाऱ्याने आकडा पाहिला की असंच होतं. पुढची पाळी स्टेटसवाल्यांची, असं आमचे सुपरवायझर म्हणतात. मला तसं वाटत नाही. बँकेला गिऱ्हाईक पुन्हा मिळतं. वर्षाला चाळीस वेळा उडणारा माणूस दुसऱ्या कंपनीकडे गेला तर एअरलाइनला तो परत आणणं फार महाग पडतं. त्याच्या खिचडीचे पैसे ती भरत राहील.

सहा

सकाळच्या शिफ्टला चार्ज दिला. काम संपलं असं होत नाही. दुबईची एक फ्लाइट दोन तास लेट आहे. तिच्यातले चौघे रात्री आत बसून गेटवर गेलेत, ते परत येतील आणि तीन तासांच्या मर्यादेवरून वाद घालतील. सोडायचं की नाही हे आपण ठरवायचं नाही, एअरलाइनच्या ड्यूटी मॅनेजरला फोन करून ‘वाढीव वेळ कुणाच्या खात्यावर’ ते विचारायचं, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव व वेळ लिहून घ्यायची. नंबर वहीच्या मागच्या पानावर आहे.