ओलावा मोजणारे यंत्र : मोटारीला जोडण्याआधी मातीत पारखा

अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर विहिरी तळ गाठतात, वीज पुष्कळदा रात्री मिळते आणि वीज येताच सुरू होणारा 'ऑटो' पिकाला गरज असो वा नसो, मोटार चालवितो. अशा वेळी जमिनीतील ओलावा पाहून मोटार चालू-बंद करणारे यंत्र असावे असे कोणालाही वाटेल. वस्तू एकमेकींना व मोबाईलला जोडण्याच्या या तंत्राला इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात. त्याचे सुटे भाग आता सहज मिळतात व शेतकऱ्यांची शिकलेली मुले ते घरीच जोडू लागली आहेत. मात्र जोडणी झाली म्हणजे यंत्र तयार झाले असे नव्हे. पहिला नमुना आपल्या जमिनीत पारखून घ्यावा लागतो.

निर्णय कोणाचा?

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणामुळे शेतकऱ्यांना घरबसल्या मोबाईलवरून मोटार चालू-बंद करता येऊ लागली. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्यास पारितोषिकही मिळाले. तेथे निर्णय शेतकऱ्याचा असतो, उपकरण फक्त हुकूम पाळते. ओलाव्यावर चालणाऱ्या यंत्रात निर्णयही यंत्रच घेते. त्याचे मोजमाप चुकले तर फटका पिकाला बसतो.

नमुन्याचे भाग

१) सेन्सर : दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मातीत लवकर गंजतो. त्याऐवजी कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्यावा. त्याच्या कडा व वरचे सुटे भाग इपॉक्सीने बंद करावेत, नाहीतर आत ओल शिरून आकडे बिघडतात.

२) बोर्ड : ईएसपी-३२ सारखा बोर्ड सेन्सरचा आकडा ० ते ४०९५ या पट्टीवर वाचतो. या सेन्सरचा आकडा कोरड्या मातीत मोठा व ओल्या मातीत लहान येतो. हा आकडा म्हणजे ओलाव्याची टक्केवारी नव्हे.

३) संदेश : घराजवळ वाय-फाय पुरते. लांबच्या शेतासाठी लोरा हे कमी विजेवर चालणारे रेडिओ तंत्र सोयीचे आहे. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ लहरी ठराविक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतात. सिमकार्डाचे मॉड्यूल घेताना ते फोर-जी आहे याची खात्री करावी. जुने टू-जी मॉड्यूल जिओच्या सिमवर चालत नाही.

४) वीज : लहान सौर पट्टी व बॅटरी पुरते. दर अर्ध्या तासाने एक नोंद घेऊन मधल्या काळात बोर्ड झोपविल्यास बॅटरी टिकते.

आकड्याची मातीशी सांगड

सेन्सर मुळांच्या खोलीवर बसवावा. कांद्यासाठी १० ते १५ सें.मी. खोली घ्यावी. भरपूर पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा. त्या दिवसापासून जमीन सुकेपर्यंत पाच-सहा वेळा यंत्रावरील आकडा लिहावा व त्याच वेळी सेन्सरशेजारची, तेवढ्याच खोलीवरची माती घट्ट झाकणाच्या डबीत घेऊन लगेच वजन करावे. नंतर ती ओव्हनमध्ये १०५ अंश सें. तापमानास २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. ओली माती १२५ ग्रॅम व वाळलेली १०० ग्रॅम भरली, तर वजनावर ओलावा २५ टक्के झाला. ओव्हनच्या सोयीसाठी बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने येथील कृषि विज्ञान केंद्रात चौकशी करावी. यंत्राचा आकडा व ओलावा आलेख कागदावर मांडला की आपल्या जमिनीचे कोष्टक तयार होते. शेजाऱ्याच्या मुरमाड जमिनीस ते लागू पडत नाही.

समजा, वाफशाच्या वेळी ओलावा ३६ टक्के व पीक कोमेजते तेव्हा १८ टक्के आहे. पिकाला मिळणारे पाणी मधल्या १८ टक्क्यांचे. कांद्यासाठी त्यातील सुमारे ३० टक्के पाणी खर्च झाले की पुढील पाळी द्यावी, म्हणजे ओलावा ३१ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर.

भेगांचा धोका

सावेडी येथे घराच्या गच्चीवर बादलीत काळी माती भरून आम्ही असा नमुना उन्हाळ्यात तपासला. काही दिवसांनी आकडा एकाएकी कोरडा दिसू लागला. माती उकरून पाहिली तर खाली चांगली ओल होती. सुकताना काळी माती आकसली, सेन्सरला लागून भेग पडली व सेन्सर मातीऐवजी हवा मोजू लागला. मोटार जोडलेली असती तर ओल्या जमिनीला यंत्राने रात्रभर पाणी दिले असते. शेतात याचा अर्थ कांद्याची सड, विजेचा खर्च आणि विहिरीतले गेलेले पाणी. म्हणून एका जागेच्या एकाच सेन्सरवर विसंबू नये. किमान दोन-तीन जागी सेन्सर बसवावेत, आकडा एकदम उडी मारील तर यंत्राने मोटार चालू न करता फक्त इशारा द्यावा, अशी आज्ञावली लिहावी.

मोटारीला जोडताना

पहिला हंगाम यंत्राने केवळ सल्ला द्यावा. रोज वहीत तारीख, यंत्राचा आकडा व मातीचा गोळा वळून हाताला काय जाणवले ते लिहावे. विद्यापीठाच्या 'फुले जल' व 'फुले इरिगेशन शेड्यूलर' या अॅपवरून येणाऱ्या पाण्याच्या गरजेशीही पडताळा घ्यावा. तिन्हींचा मेळ बसू लागला की मगच पुढे जावे.

रिलेवर थेट मोटार चालवू नये. रिलेने फक्त स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी व हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. सिंगल फेज प्रिव्हेंटर काढू नये. संदेश थांबले किंवा ठरविलेली वेळ संपली, तर मोटार आपोआप बंद झालीच पाहिजे. हाताने बंद करण्याचे बटणही ठेवावे.

नमुना चुकण्यासाठीच असतो. तो बादलीत चुकला तर मूठभर माती वाया जाते, शेतात चुकला तर हंगाम. या रब्बीपूर्वी आपल्या रानातील एक बादली माती घेऊन सुरुवात करावी.