द्वादशीला नऊ वाजता भरती

हिवाळ्यात रोह्याला कुणाच्या मामाकडे जायचा बेत असेल, तर निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठेवा. पक्षी बघायला दुर्बीण हवीच, पण त्याच्या आधी तिथी हवी!

का, ते सांगते. कुंडलिका नदी सह्याद्रीतून उतरते, कोलाड आणि रोहा मागे टाकते आणि रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे पलीकडच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला दिसतो. या खाडीत रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब अगदी सोपा आहे: तिथीची पाऊणपट. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता. थोडं मागेपुढे होतं, पण तेवढं चालतं. भरती चंद्राच्या ओढीने येते आणि तिथीही चंद्रावरूनच ठरते, म्हणून हे गणित जमतं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

खाडीकाठचे पक्षी सकाळ-दुपार मानत नाहीत, ते भरती-ओहोटी मानतात. त्यांचं जेवणाचं ताट म्हणजे चिखल, आणि तो ओहोटीलाच उघडा पडतो. चांदण्या रात्री ओहोटी असेल, तर रात्रीसुद्धा त्यांची पंगत बसते.

आपण समजा द्वादशीला गेलो. सकाळी ९ वाजता खाडी काठोकाठ भरलेली. चिखल पाण्याखाली, म्हणून सगळे पाहुणे पक्षी कोरड्या जागी गोळा झालेले. पेणच्या बाजूला, धरमतर खाडीलगतच्या खारेपाटात गेलात तर ते शेतांचे बांध, उघाड्या (खाडीचं पाणी अडवणारी दारं) आणि मिठागरं यांच्या आसपास सापडतील. सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे, बरेचसे एका पायावर. दुसरा पाय पिसांत दडवला की अंगातली ऊब कमी जाते. या वेळी कृपा करून जवळ जाऊ नका. थवा उडाला की त्यांनी साठवलेली चरबी उगाच जळते, आणि तीच चरबी त्यांना परतीच्या प्रवासाला लागणार असते. लांब बसा, हळू बोला.

अकरा-साडेअकराला पाणी बरंच मागे सरतं. आता रेवदंड्याच्या बाजूला चिखल चमकायला लागतो आणि थवे उतरतात. इथून पुढे मात्र फक्त चोचींकडे बघायचं.

चिखल्याची चोच आखूड असते आणि डोळे मोठे. तो तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, बघतो आणि टिपतो. त्याचं काम नजरेवर चालतं. छोटा टिलवा वीस-पंचवीस ग्रॅमचा, त्याची चोच जेमतेम दोन सेंटिमीटर. तो वरवरच्या चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक टोचत राहतो. पाणटिवळ्याची चोच लांब आणि जवळजवळ सरळ, ती खोलवरच्या किड्यांपर्यंत पोचते. आणि कोरल! त्याची खाली वाकलेली चोच १५ सेंटिमीटरपर्यंत असू शकते. खेकड्याचं बीळ वाकडं असलं तरी ती आत शिरते. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा, म्हणून इतके जण शेजारी शेजारी जेवू शकतात.

यातली सगळ्यात भारी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. टिलवा, पाणटिवळा, कोरल यांच्या चोचीच्या टोकाला बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या पेशी. चिखलात काय हललं, हे त्यांना तिथूनच कळतं. शिवाय सबंध चोच मिटलेली ठेवून ते नुसतं टोक उघडू शकतात. चोच चिखलात रुतलेली असताना सगळा जबडा उघडायचा म्हटलं तर केवढा जोर लागेल, विचार करा!

हे पाहुणे येतात कुठून? टिलवा येतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. चिखल्यांच्या काही जाती लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर अंडी घालतात. त्यांतले बरेच मोठे पक्षी आधी निघून जातात आणि काही महिन्यांची पिल्लं नंतर, वाट दाखवायला कुणी नसताना, इथवर येतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व हे त्यांचे वाटाडे. पाणटिवळ्याच्या पट्टेरी शेपटीच्या भावाने तर कमालच केली. २०२२ मध्ये अशा एका पाच महिन्यांच्या पिल्लाने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न थांबता उड्डाण केलं. एवढ्या उड्डाणाआधी हे पक्षी चरबी साठवतात आणि त्यांचं जठर, आतडी चक्क लहान होतात. वाटेत खायचंच नाही, तर ते ओझं कशाला?

दुपारी तीनच्या सुमाराला ओहोटी पुरती लागते. थवे पाण्याच्या कडेला, खूप लांब गेलेले असतात. ही वेळ आपला डबा उघडायची. वर मात्र लक्ष असू द्या, कैकर हा शिकारी पक्षी मासा धरायला सूर मारू शकतो. त्याच्या तळव्यांना काटेरी खरखरीतपणा असतो, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही.

मार्च-एप्रिलला पुन्हा या. डिसेंबरात मातकट दिसणारे पाणटिवळे तेव्हा विटकरी रंग धरायला लागतात आणि एकेक थवा उत्तरेला निघतो. काही मात्र मातकटच राहतात आणि पावसाळ्यापर्यंत इथेच चिखल टोचत दिसतात. ते वाट चुकलेले नाहीत. बहुतेक गेल्या उन्हाळ्यात जन्मलेले असतात. घरटं बांधायचं त्यांचं वय अजून झालेलं नाही, मग एवढ्या लांब जायचंच कशाला?