दोनशे किलोमीटरची गाडी, पाच डब्यांचा हुकूम

लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू केवढा? साधारण 30 नॅनोमीटर. यावरून कप्पाळ कळणार! तेव्हा एक सेंटीमीटरची रेघ मारा आणि हे विषाणू एकाला एक खेटून बसवा. किती मावतील? 3 लाखांवर! आणि त्या इवल्याशा कवचात कोंबलेला आरएनएचा धागा, त्यावर सुमारे 8,300 अक्षरं.

आता दर अक्षराला रेल्वेचा एक डबा द्या. 24 मीटरचा डबा, असे 8,300 डबे. गाडी झाली 199 किलोमीटरची! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. म्हणजे पहिला डबा सीएसएमटीला, तर शेवटचा पुणं ओलांडून हडपसरच्या वाटेला लागलेला.

बरं, ही गाडी सरळ उभी राहील तर शपथ! सीएसएमटी ते दादर, साडेतीनशेहून जास्त डबे मधोमध दुमडून एकमेकांना चिकटलेले. पुढे शे-दोनशे डबे नुसते ‘सी’चे. मग गाठी. आणि कुर्ला-घाटकोपरच्या आसपास 55 डब्यांचा एक छोटा फास. त्या फासाच्या टोकाशी पाच अक्षरं : ए-ए-ए-सी-ए. यांच्याच साच्यावर एका चिमुकल्या प्रथिनाला दोन ‘यू’ जोडले जातात आणि त्याच्यापासून धाग्याची नवी नक्कल सुरू होते. या पाचांत मोडतोड केली, की नक्कल ढेपाळते. 199 किलोमीटरच्या गाडीचा हुकूम 120 मीटरांत! कसा, ते शास्त्रज्ञ जाणोत. आपण आकड्यांनीच गार झालो.

नकला निघतात त्याही घाईत. दहा हजार अक्षरांत साधारण एक चूक, म्हणजे जवळजवळ दर नव्या गाडीत एखादा डबा बदललेला. रोगाचे 7 प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला चालत नाही.

एकट्या आजारी डुकराच्या श्वासातून दिवसाला कोट्यवधी विषाणू बाहेर पडू शकतात; गाईला नाकावाटे दहा-वीस पुरतात. 1981 साली हा रोग फ्रान्सच्या ब्रिटनीतून वाऱ्यावर बसून समुद्रापार इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर उतरला. अंतर सुमारे 250 किलोमीटर, आपल्या अख्ख्या गाडीहूनही लांब! 2001 साली ब्रिटनमध्ये त्यापायी 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

आपल्याकडे 2019 च्या गणनेत गाईबैल 19 कोटी, म्हशी जवळपास 11 कोटी. त्याच वर्षी लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध केंद्रानं पाच वर्षांसाठी 13,343 कोटी रुपये काढले. लक्ष्य, शेळ्या-मेंढ्या-डुकरंही धरून, 50 कोटींहून जास्त जनावरं. म्हणजे जनावरामागे, पाच वर्षांचे मिळून, पावणेतीनशे रुपयांहूनही कमी! तेव्हा लस टोचणारा दारात आला, की दूध आटेल म्हणून गाय मागच्या गोठ्यात लपवू नका.