डायऱ्यांतला नवेगावबांध

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींची पुस्तकं पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत घरोघर आहेत. ती कुठून आली हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ती आली डायऱ्यांतून.

वनखात्यातल्या माणसाला दैनंदिनी लिहावीच लागते. कुठे दौरा केला, कोणता कूप पाहिला, मुक्काम कुठे पडला, एवढं लिहिलं की साहेबाची सही होते आणि काम संपतं. चितमपल्लींनी या सरकारी वहीच्या जोडीला आपली स्वतःची वही आयुष्यभर चालवली. कोणता पक्षी, कोणत्या झाडावर, कुठल्या ऋतूत आणि हे सांगितलं कुणी, हे सगळं तिच्यात यायचं. शेवटची बाब मला सगळ्यात मोलाची वाटते. त्यांच्या लेखनात माहिती देणारा धीवर, गोंड किंवा गुराखी ‘एक आदिवासी’ होऊन विरून जात नाही, तो माणूस म्हणून समोर येतो.

खरं तर हा गृहस्थ आपल्याकडचा नव्हे. जन्म सोलापूरचा, 5 नोव्हेंबर 1932चा. घरची भाषा तेलुगू. रानाची पहिली ओळख लिंबामामांनी करून दिली, हे ‘चकवाचांदण’ या आत्मचरित्रात त्यांनी मन लावून सांगितलं आहे. कोइमतूरला वनविद्येचं शिक्षण झालं, पश्चिम महाराष्ट्रात नोकरी झाली आणि मग बदलीने ते पूर्व विदर्भात, नवेगावबांधच्या रानात आले.

देवरीहून साकोलीच्या बाजूला निघालं की कोहमाऱ्याला डावीकडे नवेगावबांधचा रस्ता फुटतो. तिथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. राष्ट्रीय उद्यान झालं 1975 साली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया वेगळा झाला तो 1999मध्ये. तलाव बांधणारे कोहळी, त्यात जाळं टाकणारे धीवर आणि काठावर उतरणारे परदेशी पक्षी हे सगळं एका ठिकाणी मिळाल्यावर वही भरायला किती वेळ लागणार!

इथे त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. हे नवेगावचेच. एके काळचे शिकारी आणि पुढे त्याच रानाचे राखणदार. शिकाऱ्याला जनावराची वाट, वेळ आणि खोड ठाऊक असते, नाहीतर शिकार हाती लागत नाही. ते सगळं ज्ञान चितमपल्लींच्या वहीत उतरलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना गुरू कोण आणि साहेब कोण, हे वाचकाला सांगावं लागत नाही.

त्यांची कावळ्याची नोंद तर वर्तमानपत्रं दर उन्हाळ्यात छापत आली. मे महिन्यात कावळ्याने आंबा, करंज अशा झाडांवर घरटं केलं तर पाऊस चांगला. बाभूळ, सावरीसारख्या काटेरी झाडांवर केलं तर कमी. घरटं पूर्वेला असेल तर उत्तम, पश्चिमेला असेल तर बेताचा, अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ. धानाचे पऱ्हे टाकायची वेळ आली की आमच्याकडचे म्हातारेही झाडांकडे बघतातच. पण हे हवामानशास्त्र नव्हे. चितमपल्लींच्या लेखनात डोळ्यांनी पाहिलेलं, लोकांनी सांगितलेलं आणि संस्कृत ग्रंथांतलं एकाच ओळीत बसतं, आणि कधीकधी त्यांतली शिवण दिसत नाही. अभ्यासकाला ते खटकणार. मलाही काही ठिकाणी खटकतं. तरी दुसऱ्या कुणी हे ऐकून लिहून ठेवलं असतं का?

संस्कृतचा नाद मात्र खरा होता. हंसदेवाचं तेराव्या शतकातलं ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणलं. 1990मध्ये निवृत्त झाल्यावर साठलेल्या नोंदींचं कोशांत रूपांतर करायला त्यांना सवड मिळाली. ‘पक्षिकोश’ त्यातूनच झाला. बगळ्यांच्या वसाहतीला त्यांनी सारंगागार म्हटलं, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. कोशकार म्हणून ते मला गोष्टी सांगणाऱ्या चितमपल्लींपेक्षा जास्त शिस्तीचे वाटतात.

2006मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. पद्मश्री आली ती थेट 2025मध्ये, आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरातच ते गेले.

नव्या वाचकाने जाडजूड ‘चकवाचांदण’ आधी उघडू नये. ‘नवेगावबांधचे दिवस’ घ्यावं आणि ते हातात धरून थंडीत एकदा तलावाच्या पाळीवर जावं. डोंगरवारांना ओळखणारी जुनी माणसं गावात भेटली, तर त्यांनाही विचारावं.