ॲलर्जीची ‘स्किन प्रिक टेस्ट’ पॉझिटिव्ह आली, म्हणजे ॲलर्जी आहेच का? समजून घ्या

तुम्ही वर्षानुवर्षं कोळंबी खाताय, कधीच काही झालं नाही. सततच्या शिंकांसाठी ॲलर्जी टेस्ट केली आणि अहवालात कोळंबीपुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं. आता कोळंबी बंद करायची का? बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं.

चाचणी कशी होते?

मनगट ते कोपर या भागावर संशयित घटकांच्या अर्काचे थेंब ठेवून त्वचेला हलकंसं टोचतात. १५ ते २० मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. सलाईनच्या थेंबाच्या तुलनेत ती किमान ३ मिलिमीटर मोठी असेल, तर निकाल पॉझिटिव्ह. हिस्टामिनच्या थेंबाखाली मात्र गांध उठलीच पाहिजे. नाही उठली, तर चाचणी ग्राह्य धरत नाहीत.

पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय?

शरीरात त्या घटकाविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडं आहेत, एवढंच. त्रास होईलच असं नाही. कोळंबीतल्या ट्रोपोमायोसिनसारखंच प्रथिन घरातल्या धुळीतल्या माइट्समध्येही असतं. त्यामुळे माइट्सची ॲलर्जी असणाऱ्यांची कोळंबीची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते.

विश्वास किती ठेवायचा?

अन्नाच्या बाबतीत निगेटिव्ह निकाल ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरतो. पॉझिटिव्ह निकाल मात्र बऱ्याचदा निम्म्या वेळाही खरा ठरत नाही. धूळ, परागकणांबाबत लक्षणं जुळत असतील, तर चाचणी बरीच भरवशाची आहे.

निकाल कशामुळे चुकतो?

सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी गांध दबते. त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे डॉक्टरांना विचारा. नुसतं खाजवलं तरी गांधी उठणाऱ्यांमध्ये खोटा पॉझिटिव्ह येतो. दुधातलं लॅक्टोज न पचणं या चाचणीत कळतच नाही.

मुलांबाबत काळजी का?

केवळ अहवाल पाहून मुलांचं दूध, अंडं, शेंगदाणे बंद केल्यास पोषण बिघडू शकतं. शिवाय २०१५च्या ब्रिटनमधील ‘लीप’ अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केल्यावर पाचव्या वर्षापर्यंत त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

मग काय करायचं?

काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, याची नोंद डॉक्टरांना दाखवा. शंका उरली, तर रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन खात्री करतात. हा प्रयोग घरी करू नका. आणि पूर्वी श्वास अडकला असेल किंवा ओठ सुजले असतील, तर निगेटिव्ह अहवालावरही विसंबू नका.