माळ्याचा जखमी डोळा आणि कन्नडातला कागद

सीमाभागातल्या खेड्यांतून रोज सकाळी जी माणसे कामाला बेळगावकडे निघतात, त्यांत गवंडी, हमाल, फाउंड्रीतले कामगार किती असतात याचा अंदाज सर्वांना आहे. माळीकामाला जाणारी माणसे मात्र कोणाच्या हिशेबात नसतात. येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कंग्राळी, तिकडे खानापूर तालुक्यात नंदगड-जांबोटीपर्यंतच्या गावांतली ही माणसे. घरची शेती तुकड्यातुकड्यांनी वाटली गेलेली. हाताला खुरप्याची सवय आहे म्हणून कॉलेजांच्या आवारात, हॉटेलांच्या हिरवळीवर, क्लबांच्या मैदानांवर, कारखान्यांसमोरच्या बागांत ती कामाला लागतात. काही जण गोव्याला जातात, तिथल्या मोठ्या हॉटेलांच्या बागा राखतात आणि शिमग्याला, गणपतीला घरी येतात.

‘माळीकाम म्हणजे काय, झाडांना पाणी घालायचे’ असे आपल्यातले शिकलेले लोकही सहज बोलून जातात. त्यांनी पावसाळ्यानंतर वाढलेले गवत यंत्राने कापताना एकदा जवळ उभे राहून पाहावे. ग्रास कटरच्या पात्याला लागून उडालेला खडा गोळीसारखा येतो. त्या यंत्राला कंपनीने बसवलेले संरक्षक झाकण असते. पण झाकण असले की दाट गवत अडकते, काम मंदावते, म्हणून ते काढून ठेवायला सांगणारे मुकादम आहेत. विहिरीवरच्या किंवा टाकीवरच्या मोटारीचा शॉक बसतो. नारळ उतरवताना, गुलमोहराच्या फांद्या छाटताना माणूस वरून पडतो. फवारणीचा पंप पाठीवर गळतो आणि औषध अंगात मुरते. कुंपणाखालचा पालापाचोळा हाताने ओढताना साप चावतो. यांतली प्रत्येक गोष्ट आमच्या ओळखीच्या कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत घडलेली आहे.

आमच्या गावसमितीकडे काही वर्षांपूर्वी असेच एक प्रकरण आले. चाळिशीचा गृहस्थ, बेळगावातील एका मोठ्या आवारात कंत्राटदाराकडून माळीकामाला होता. गवत कापताना खडा उडून उजव्या डोळ्यात गेला. कंत्राटदाराने दवाखान्यात नेले, बिल भरले, हे त्याचे चांगलेच. पण डोळा काढावा लागला. घरी सोडण्याच्या दिवशी पंधरा हजार रुपये हातावर ठेवून एका छापील कागदावर अंगठा घेतला. कागद कन्नडात होता. पुढे वर्ष-दीड वर्ष तो कागद घरातल्या देवाच्या फोटोमागे पडून होता. घरातली मुलगी आमच्याच शाळेत दहावीत होती. मराठी शाळा असली तरी कन्नड विषय सक्तीचा असतोच. तिने एके दिवशी सहज म्हणून तो कागद वाचला आणि बापाला विचारले, ‘‘बाबा, यात लिहिलंय की तुम्हाला पूर्ण भरपाई मिळाली आणि आता काही तक्रार नाही. असं तुम्ही कबूल केलंय का?’’ दुसऱ्या दिवशी तिची आई तो कागद घेऊन आली. ‘‘गुरुजी, दवाखान्याचं बिल भागवल्याची सही आहे म्हणाले, म्हणून ह्यांनी दिली,’’ एवढेच ती म्हणाली.

आता हिशेब करू. शाळामास्तरांना हिशेबाची खोड असतेच.

कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा या देशात १९२३ पासून आहे. २०१० साली त्यातला ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ शब्द आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू होऊन हा विषय तिच्यात गेला. पण भरपाई मोजण्याची रीत मुळात तीच राहिली. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या पगाराच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या माणसाचा गुणक १८४.१७ आहे. पगार बारा हजार धरला तर साठ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. गुणाकार होतो १३ लाख २६ हजार २४ रुपये. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या शक्तीचे नुकसान चाळीस टक्के धरले आहे. म्हणजे आमच्या गृहस्थाची रक्कम होते सुमारे ५ लाख ३० हजार. हाती आले होते पंधरा हजार.

हाच हिशेब बोटांचाही आहे. अंगठा पुरा गेला तर तीस टक्के, तर्जनी पुरी गेली तर चौदा टक्के, तिचे एक पेर गेले तर नऊ. पेरापेराचे मोल कायद्याने लिहून ठेवले आहे, आणि आमच्याकडे ‘नशीब, बोटावर निभावलं’ म्हणून हळद लावून माणूस दुसऱ्या आठवड्यात कामावर हजर होतो. जखम भरून येणारी असली तरी कामावर जाता येत नाही तेवढ्या काळात पगाराचा चौथा भाग दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याकाठी निम्मा पगार मिळायला हवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा आहे. तो उपकार नव्हे. दवाखान्याचे बिल भरले म्हणजे भरपाई दिली असे होत नाही; ही दोन खाती वेगळी आहेत.

‘पण मी तर रोजंदारीवर, माझे नाव कुठे मस्टरवर?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द कायद्यातून २००० साली काढून टाकले गेले. बागकाम, वनकाम, मधमाशीपालन आणि फळतोडणी ही कामे कायद्याच्या यादीत नावानिशी आहेत. माळी त्यात बसतो की नाही असा वाद घालायला जागा नाही. कंत्राटदार मधे असला तर ज्याची बाग आहे त्या मूळ मालकालाही जबाबदार धरण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, म्हणून अर्जात दोघांचीही नावे घालावीत. ज्या आस्थापनेला ईएसआय लागू आहे तिथे मात्र दावा ईएसआयकडे करायचा असतो, दोन्हीकडे करता येत नाही. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात का, हे पगाराच्या चिठ्ठीवर पाहून घ्यावे. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, म्हणजे ते नुकसानीचे नाही.

मालकाची सुटका होते अशाही काही गोष्टी आहेत. जखमेने मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आलेले नसेल आणि अपघाताच्या वेळी माणूस दारू पिऊन होता, किंवा सुरक्षेसाठी बसवलेले साधन त्याने जाणूनबुजून काढले होते असे सिद्ध झाले, तर भरपाई मिळत नाही. म्हणून ग्रास कटरचे ते झाकण! मुकादम म्हणतो म्हणून ते काढणाऱ्याने लक्षात ठेवावे, की उद्या तोच मुकादम साक्षीला उभा राहून ‘यानेच काढले’ म्हणेल.

आता कागदाकडे येऊ. कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. आमच्या शेजारणी कन्नड बोलतात, आमच्या आज्या बाजारात कन्नडच बोलत. पण बाजारातली कन्नड वेगळी आणि कचेरीतली वेगळी. भरपाईला कचेरीत ‘परिहार’ म्हणतात. आम्हा मराठी माणसांना श्रमपरिहार ठाऊक, शंकेचा परिहार ठाऊक. परिहार म्हणजे काहीतरी दूर करणे, मिटवणे. ‘परिहार मिळाला’ असे कोणी वाचून दाखवले तर पाच लाखांचा हक्क संपला, हे कोणाच्या ध्यानात यावे? कन्नडात ‘गाय’ म्हणजे जखम, ‘संबळ’ म्हणजे पगार. आपल्याकडे संबळ गोंधळ्याच्या कमरेला असते. बागकामाला ‘तोटगारिके’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यात तोटाच ऐकू येतो. हसण्यासारखे आहे, पण दवाखान्याच्या खाटेवर एका डोळ्याला पट्टी बांधून पडलेल्या माणसाला हसू येत नाही. फक्त ‘सही’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखा आहे, आणि नेमका तेवढाच त्याला समजतो.

२०१७ साली या कायद्यात एक चांगली तरतूद आली. कामावर घेतानाच मालकाने कामगाराला भरपाईच्या हक्काची माहिती लेखी द्यावी, आणि ती त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी. भाषा कोणत्या? इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. आमच्या भागाची राजभाषा कन्नड ठरलेली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या येळ्ळूरच्या माळ्याला समजणारी भाषा या तीनांत नाही. कायदा करणाऱ्यांनी ओडिशाहून, बिहारहून येणाऱ्या मजुराचा विचार करून हिंदी घातली असेल, ते योग्यच. पण आपल्याच गावात राहून परका झालेला माणूस त्यांच्या नजरेत आला नाही. खरे म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे धोरण देशात साठ-पासष्ट वर्षे मान्य आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस पंधरा टक्के आहे की किती, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. सातबारा, मतदारयादी, बसच्या पाट्या यांसाठी आम्ही भांडत आलो आणि भांडूच. त्याच मागण्यांच्या यादीत कामगार खात्याच्या भरपाईच्या नमुन्यांचे नाव का नाही, असा प्रश्न आम्ही समितीच्या बैठकीत विचारला आहे. पाटीवर मराठी नसली तर मान दुखावतो. या कागदावर मराठी नसली तर चूल विझते.

तोपर्यंत हातात काय आहे? घटनेचे ३५० वे कलम आहे. कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मालकाला आणि कामगार अधिकाऱ्याला अपघाताची पहिली खबर मराठीत लिहून द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. पोच घ्यावी, नाही दिली तर स्पीड पोस्टाने पाठवावे. दाव्याचा प्रत्यक्ष अर्ज मात्र कचेरीच्या भाषेत, वकिलाकडूनच करून घेणे शहाणपणाचे. तिथे अभिमानापेक्षा निकाल महत्त्वाचा. फक्त त्याखाली अंगठा उठवण्यापूर्वी तो मराठीतून वाचून घ्यावा.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. दावा अपघात जिथे झाला तिथेच करावा लागतो असे नाही. जखमी माणूस जिथे राहतो तिथेही करता येतो. गोव्यातल्या हॉटेलात पडून पाय मोडलेला जांबोटीचा माळी बेळगावात दावा करू शकतो, त्याला म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या खेपा घालण्याचे कारण नाही. आणि सीमेपलीकडच्या शिनोळीचा, चंदगड तालुक्यातला माणूस बेळगावच्या हिरवळीवर जखमी झाला तर तो आपला दावा कोल्हापूर जिल्ह्यात, मराठीत चालवू शकतो. उचगाव आणि शिनोळी यांच्यामध्ये अंतर किती? सायकलवरून चटणी-भाकरी पोहोचवण्याइतके. त्या अंतरावर एकाला आपला दावा आपल्या भाषेत मांडता येतो आणि दुसऱ्याला येत नाही. सीमाप्रश्न म्हणजे काय असे बाहेरचे पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही आता हेच उदाहरण देतो.

मुदत दोन वर्षांची आहे. त्या दोन वर्षांत कागद जमवायचे असतात, आणि इथेच आमची माणसे कमी पडतात. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे जपून ठेवावेत. दवाखान्यात ‘घरी पडलो’ असे सांगायला लावतात, ते मुळीच सांगू नये. ‘अमुक ठिकाणी कामावर असताना’ हे शब्द पहिल्याच केसपेपरवर आले पाहिजेत, नंतर ते घालता येत नाहीत. बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत, कारण महिन्याभरात ते दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलेले असतात. पगार रोखीने मिळत असेल तर निदान वहीत तारीखवार मांडावा. बायका-मुलांनी हे करावे; जखमी माणसाला ते सुचत नाही.

आणि तो अंगठ्याचा कागद? रकमेची तडजोड झाली तर तिचा करार सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. तसा नोंदवला नाही तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी कायम राहते. अपघाती मृत्यूची भरपाई तर परस्पर वारसांच्या हातात देताच येत नाही, अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. शिवाय देय झालेली रक्कम महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज आणि वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. आमच्या त्या गृहस्थाचा कागद कुठेही नोंदवलेला नव्हता. दोन वर्षे भरायला चार महिने बाकी असताना दावा दाखल झाला. निकालाला वेळ लागला, तारखांना शेजाऱ्याची मोटारसायकल लागली. पण कागदावर अंगठा आहे म्हणून दावा बाद झाला नाही. दिलेले पंधरा हजार तेवढे वळते करून घेण्यात आले.

त्या मुलीने नंतर एक काम केले. अपघाताच्या पहिल्या खबरीचा नमुना तिने मराठीत आणि खाली कन्नडात, एकाच कागदावर, स्वच्छ अक्षरात लिहून दिला. नाव, वय, काम, मालक, कंत्राटदार, तारीख, वेळ, जखम, साक्षीदार एवढ्याच ओळी आहेत. त्याच्या प्रती आमच्या गावच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. झेरॉक्सचा खर्च वाचनालय करते. शेजारच्या गावांतल्या तरुण मंडळांना हव्या असतील तर शाळा सुटल्यावर, साडेपाचनंतर, कोणीही येऊन घेऊन जावे.